जीपचा शाफ्ट आणायला मुलुंडपर्यंत

मुलुंडहून आल्यापासून गल्लीतल्या बायका मला विचारतात, मुलुंड कसं आहे. एकीला सांगून होतं न होतं तोच दुसरी येते. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले तर मासे विकायचे कधी? म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी चौथी शिकले आहे, अक्षर बरं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं आणि माझ्या दारात येऊ नये.

वेसाव्याची माणसं दर्यात किती आत जातात त्याला हद्द नाही. जमिनीवर मात्र आमची हद्द अंधेरी बाजार. त्यापुढचं जग आहे असं आम्ही मानतो, बघायला जात नाही. मीसुद्धा गेले नसते. एका लोखंडी नळीपायी जावं लागलं.

वेसावे

आमच्याकडे लष्करातून निघालेली जुनी जीप आहे. ती माझ्या धाकट्या दिराने घेतली, जनूने. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शेंबूड गाळत फिरायचा, म्हणून मी त्याला भावजी वगैरे म्हणत नाही. ओहोटीला होड्या लांब लागतात आणि मधे नुसता गाळ. त्या गाळातून माशांच्या टोपल्या डोक्यावर आणण्यात माझं आयुष्य गेलं आणि शेवटी मानही गेली. डॉक्टर म्हणाला, आता डोक्यावर पदराशिवाय काही घ्यायचं नाही. तेव्हा माझे मासे गाळातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून बाजारात जातात ते या जीपमधून.

अंधेरी बाजारात माझी जागा आहे. दारातून आत शिरलं की पहिलीच, सासूने मला दिलेली. आमच्या बाजाराचा एक रिवाज आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पहिल्यांदा भरून येतात, त्या दिवशी जी बाई ज्या जागेवर मासे घेऊन बसेल, ती जागा वर्षभर तिची. टोपली ठेवून जागा राहत नाही, सून पाठवून राहत नाही. स्वतः बसायचं आणि पुढ्यात ताजे मासे पाहिजेत. माझ्या जागेवर माझी चुलत जाऊ चंद्री हिचा कधीपासून डोळा आहे. तिची स्वतःची जागा मागे गटाराशेजारी. चंद्री ही वेसाव्यातली सगळ्यात वजनदार बाई. हे मी रागाने लिहीत नाही, तराजूही तेच सांगेल. आणि तिची मान अजून बैलासारखी शाबूत आहे.

गेल्या पावसाळ्यात जीपचं पोट गाळाला टेकायला लागलं. जनूने डोकं लढवलं आणि तिच्या खालचे स्प्रिंगचे पाटे काढून ट्रकचे जाड पाटे बसवले. जीप वीतभर उंच झाली. सगळी गल्ली बघायला आली. चढायला स्टूल लागायचं. जनू तिच्याभोवती अशा ऐटीत फिरत होता, जशी ती त्याने पोटातून काढली आहे.

मग ओहोटी बघून त्याने ती गाळात घातली. मागचं चाक एका खड्ड्यात गेलं, खालून कडाड आवाज झाला आणि जीप उभी राहिली. इंजिन चालू, चाकं गप्प. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी नळी असते, तिला शाफ्ट म्हणतात. तिचे दोन भाग एकात एक सरकतात. गाडी उंच केली, पण शाफ्ट होता तेवढाच. खड्ड्यात चाक खाली गेलं तसे ते दोन भाग एकमेकांतून निघून आले आणि शाफ्ट गाळात पडला. तोवर भरती यायला लागली. पुरुषांनी दोर लावून, हाळ्या देऊन, होडी ओढतात तशी जीप ओढून काढली. कुणीतरी सवयीने नारळही फोडला.

आता लांब शाफ्ट पाहिजे होता. त्यासाठी माप पाहिजे. होडीचं काही काम करायचं असलं की तिला ओढून टेकूंवर चढवायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तशी जीपही टेकूंवर चढवली. चारी चाकं हवेत. जनू खाली निजला, जाळ्याच्या दोरीने दोन टोकांमधलं अंतर घेतलं आणि दोन गाठी मारल्या. दोरी नायलॉनची. भिजली तरी आटत नाही, याचा त्याला फार अभिमान. बघायला निम्मं वेसावे होतं. माप चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

अंधेरी

जुना शाफ्ट टोपलीत घालून, टोपली जनूच्या डोक्यावर देऊन आम्ही बसला उभे राहिलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मासे नाही चालायचे."

"मासे नाहीत, शाफ्ट आहे."

त्याने वाकून बघितलं. "वास तर माशांचा येतोय."

"शाफ्टला कसा वास असतो, हुंगलायस कधी?"

त्याने घंटी मारली. आत चंद्री आधीच दोघांची जागा अडवून बसलेली. म्हणाली, घाटकोपरला लेकीकडे चालले आहे. लेकीकडे ती वर्षातून एकदा जाते, आणि ते बरोबर त्याच दिवशी आलं.

"काय गो हिरा, आता लोखंड इकणार?"

"तुला कशाला? तुला घ्यायचंय?"

"नाय गो. मासं इकायला जागा लागते, लोखंड कुठंबी इकता येतं. म्हणून इचारलं."

अंधेरीला पार्टांच्या दुकानात मालक पेटीवर पाय घेऊन बसला होता. त्याने शाफ्ट हातात घेतला, हात हुंगला आणि फडक्याला पुसला.

"गाडी केव्हाची?"

"माझ्यानंतरची," मी म्हटलं.

"किती उचलली?"

जनूने वीत पसरून दाखवली. मालकाने स्वतःची वीत तिच्या शेजारी धरली. जनूचे हात वल्हं मारून मोठे झालेले, मालकाचे गल्ल्यात बसून लहान राहिलेले. कुठली वीत खरी यावर दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी मालक म्हणाला, तीन रस्ते आहेत. एक, ट्रकचा तयार शाफ्ट घेऊन कापून बसवायचा. तो जाडजूड, जीपच्या पोटाला घासेल. दोन, आहे त्यालाच मधे नळीचा तुकडा जोडून लांब करायचा. तीन, नवा करून घ्यायचा, ज्याचे दोन भाग एकमेकांत लांबवर सरकतात. तो असा वाटेवर मिळत नाही. आम्ही दुसरा निवडला, कारण आपल्या घरच्या वस्तूला ठिगळ लावणं हे कुणालाही पटतं. ते काम घाटकोपरला होतं.

घाटकोपर

घाटकोपरला वेल्डिंगवाला रामसमुज म्हणून होता. त्याने दोरी ताणून धरली, दोन गाठींकडे बघितलं.

"माताजी, माप पक्का है ना?"

"नायलॉन आहे," जनू म्हणाला.

ते त्याला पुरलं. शाफ्ट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता, म्हणून रात्री चंद्रीच्या लेकीकडेच मुक्काम. मुलगी गुणाची आहे, आईवर गेलेली नाही. त्यांच्या इमारतीत सगळे मासे न खाणारे. तिने सुके बोंबील भाजायच्या आधी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओलं फडकं दाबलं, उदबत्त्या पेटवल्या आणि मगच चूल पेटवली. आमच्याकडे चोरटी दारू गाळतात तेव्हा एवढी काळजी घेत नाहीत. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. घास घेणार तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण आली होती.

"बेन, मच्छीचा वास येते."

मुलगी पांढरी पडली. मी उठले आणि दाराबाहेर ठेवलेली आमची रिकामी टोपली उचलून तिच्या नाकाशी धरली. म्हटलं, "यात गाडीचा पार्ट होता. विलायती तेलाचा वास आहे."

ती बाई म्हणाली, "अच्छा, विलायती," आणि निघून गेली. मग बोंबील निवांत खाल्ले. घाटकोपरची माणसं सरळ आहेत.

परत वेसावे

शाफ्ट घेऊन आलो. नळी सुरेख जोडली होती, वर काळा रंगही दिला होता. जीप टेकूंवरून उतरवून जमिनीवर उभी केली होती. जनू शाफ्ट घेऊन खाली सरकला. एक टोक लावलं तर दुसरं टोक चार बोटं पुढे. ते लावलं तर हे पुढे. हातोडीने ठोकून बघितलं. शाफ्ट आत जाईना.

जनू बाहेर येऊन म्हणाला, "रामसमुजने फसवलं."

मी दोरी शाफ्टला लावली. गाठीला गाठ बरोबर. फसवणूक कुठेच नव्हती.

मग गल्लीने विचार सुरू केला. एकजण म्हणाला, घाटकोपरला डोंगर आहे, उष्णतेने लोखंड वाढतं. दुसरा म्हणाला, लोखंड नाही, जीपच आखडली. मिठाचा वारा लागून लाकूड आखडतं तशी. जनूला हे पटलं. चंद्री पायरीवर बसून पान लावत होती, ती म्हणाली, "तुझी जागा मी धुऊन पुसून ठेवीन हो, हिरा." नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. होड्यांना रंग लागत होते.

मी जनूला म्हटलं, आता दोरी नको. जीपच घेऊन चल, म्हणजे ती आखडली की नाही ते रामसमुज बघेल.

"मागचा शाफ्ट नाय, वैनी. चालणार कशी?"

"पुढचा आहे ना?"

या जीपला पुढच्या चाकांनाही जोर देता येतो, हे मला त्यानेच एकदा फुशारकीत सांगितलं होतं. तेव्हा पुढची दोन चाकं चालली आणि मागची नुसती फरफटली. कंबर मोडलेलं कुत्रं पुढच्या पायांवर जातं तसे आम्ही निघालो. चंद्री मागे चढून बसली. म्हणाली, लेकीला सुकट द्यायची राहिली.

साकीनाका, घाटकोपर आणि पुढे

साकीनाक्याच्या चढावर जीपने दम टाकला. जनू म्हणाला, मागच्या बाजूला फार भार आहे, पुढची चाकं उचलली जातात. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, पण आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं. चंद्रीला पुढे बॉनेटवर बसवलं. मग चाकं टेकली आणि चढ चढलो. वाटेतले लोक हात जोडत होते. त्यांना वाटलं कुठली तरी मिरवणूक आहे. चंद्रीने दोघांना आशीर्वादही दिला.

रामसमुजने जीपखाली वाकून बघितलं, शाफ्ट लावून बघितला, दोरी बघितली आणि डोक्याला हात लावला. "मेरा काम बराबर, आपका दोरी बराबर, गाडी छोटी." असं होऊच शकत नाही, पण समोर होतं. त्याने मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या बाबी मेस्त्रीचा पत्ता दिला. चंद्रीने सुकटीची पिशवी खालूनच लेकीच्या खिडकीत फेकली. म्हणाली, इतकी आलेच आहे तर मुलुंड बघून येते.

आता मुलुंडच्या वाटेचं सांगते. आग्रा रोड सरळ आहे. विक्रोळीला एका कारखान्याची भिंत लागते, ती संपत नाही. भांडुपला भोंगा झाला आणि सायकलींचा लोंढा आला, जसा आमच्याकडे करली माशांचा येतो. एका बाजूला लांब मिठागरं दिसतात, दुसऱ्या बाजूला डोंगर. जिथे समुद्र पाहिजे तिथे या लोकांनी डोंगर ठेवला आहे. वारा येतो, पण त्याला कसलाच वास नाही. वारा कुठून आला ते नाकाला कळत नाही, मग ही माणसं दिशा कशी ओळखतात, देव जाणे.

मुलुंड

जकात नाक्यावर ट्रकांची रांग इतकी जुनी होती की तिच्यात संसार मांडलेले. कुणी ट्रकखाली डाळ शिजवत होता, कुणी आरशात बघून दाढी करत होता. त्यांच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बाबी मेस्त्री लेथवर होता. मालवणकडचा माणूस, आधी गिरणीत होता.

"खयसून इलात?"

"वेसाव्याहून."

"वेसाव्यासून हय? शाफ्टाक?" त्याने बायकोला हाक मारली. "अगो, भायर ये. दर्यातली माणसा इली हत, बघ."

ती आली, आम्हाला बघितलं, जेवायची वेळ होती म्हणून जेवायला बसवलं. तिरफळ घातलेला बांगडा केला होता. कालवण झकास, पण बांगडा परवा मेलेला. काम व्हायचं होतं म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, "बाय, मासेवालीला कल्ला उघडून दाखवायला सांगत जा."

"लाल होतो हो कल्लो!"

"रंग लावतात."

मेस्त्रीने हातातला घास खाली ठेवला आणि मग पुन्हा उचलून खाल्ला. जेवल्यावर त्याने दोरी, शाफ्ट आणि जीप यांच्याकडे आळीपाळीने बघितलं. जनूला विचारलं, "माप घेतलास तेवा गाडी कशार होती?"

"टेकूंवर."

"आणि चाका?"

"चाकं मोकळी. लोंबत होती."

मेस्त्रीने बिडी विझवली. "अरे, फासार लटकवलेल्याची उंची घेतलास तू! तो चार बोटा लांबच भरतलो!"

मग त्याने नीट समजावलं. गाडी टेकूवर चढवली की चाकं आपल्या वजनाने खाली लोंबतात, त्यांच्याबरोबर मागचा सगळा लोखंडी सांगाडा खाली जातो आणि शाफ्टच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं. गाडी खाली ठेवली की ते पुन्हा कमी होतं. होडीचं असं नसतं. होडी टेकूवर असली काय नि पाण्यात असली काय, तिच्या पोटातला शाफ्ट तेवढाच. जीपला गुडघे असतात. सगळ्या वेसाव्याने मिळून जीपला होडी धरलं होतं. जनूने दोरीकडे असं बघितलं, जणू विचारतोय, तू आधी बोलली का नाहीस.

"आता सांगा," मेस्त्री म्हणाला, "गाडी रिकामी फिरता की भरून?"

मी म्हटलं, "गाळात रिकामी जाते, भरून येते. गल्लीतल्या दहा-बारा बायका आणि टोपल्या."

"मगे दहा-बारा बायका बसवा. तेच्याशिवाय मी टेप लावचंय नाय. गाडी आपल्या पायार, आपल्या वजनान उभी रवाक व्हयी."

जनूने लेथच्या किसाची पोती टोपल्यांच्या जागी ठेवली. बायकांचं मी बघते म्हटलं.

रस्त्यापलीकडे रॉकेलची रांग होती. पण रांगेत बायका नव्हत्या, डबे होते. एकामागे एक डबे ठेवून बायका सावलीला बसलेल्या. मुलुंडचा रिवाज असा की डबा ठेवला की जागा राहते. मला हेवा वाटला. मी जाऊन म्हटलं, "बायांनो, पलीकडे बसायला गाडी आहे, वर ताडपत्री आहे. चला."

"कुठे नेणार?"

"कुठेच नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं कशाला?"

"वजन पाहिजे."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक काटकुळी म्हणाली, "माझं काय होणार वजन?" दुसरी अंगाने भरलेली होती, ती म्हणाली, "म्हणजे मला बघून आलात काय?" एक म्हणाली, घरी कळलं तर? मी विचारलं, काय कळणार, बसली होतीस म्हणून? शेवटी ऊन चढलं आणि त्या आल्या. एकमेकींना ढकलत, साड्या सावरत सगळ्या चढल्या. चंद्री मागच्या टोकाला होतीच. मेस्त्री टेप घेऊन खाली निजला.

"हलू नकात!"

एकीने शेजारणीच्या सासूची गोष्ट काढली. बायका हसल्या, जीप डुलली.

"हसू नकात गे!" खालून आवाज आला, म्हणून त्या आणखी हसल्या. जीप होडीसारखी वरखाली व्हायला लागली आणि मेस्त्री दर वेळी वेगळा आकडा ओरडायचा. जनू सगळे लक्षात ठेवत होता आणि सगळे विसरत होता. मी एकेकीला दटावलं. अखेर गप्प झाल्या, मेस्त्रीने टेप लावला, आणि त्याच वेळी रस्त्यावरून कुणी ओरडलं, "रॉकेल आलं गं!"

सगळ्या एकदम उडाल्या. जीपही उडाली. खालून ठण्ण आवाज झाला आणि मागून मालवणीत असे शब्द, जे मी लिहू शकते पण लिहीत नाही. मेस्त्री कपाळावर ग्रीसचा टिळा घेऊन बाहेर आला.

"गावला माप," तो म्हणाला. मग थांबला. जीपमध्ये चंद्री एकटीच राहिली होती. तिचा रांगेत डबा नव्हता. मेस्त्रीने जीपकडे बघितलं, मग चंद्रीकडे, मग वाकून चाकांकडे.

"बाये, जरा खाली उतर."

चंद्री उतरली. जीपचा मागचा भाग वर आला.

"आता चढ."

जीप खाली गेली. त्याने हे पुन्हा करून बघितलं.

"ही एकटी मागे बसली तरी गाडी जाग्यार बसता," तो जनूला हळूच म्हणाला. पण मुलुंडला समुद्राचा आवाज नसतो, सगळं ऐकू जातं.

"मी काय मापाचा दगड हाय?" चंद्री म्हणाली.

मग निवडायची वेळ आली. मेस्त्री म्हणाला, तिसरा शाफ्टच घ्या, लांब सरकणारा. खड्ड्यात चाक गेलं तरी निघून येणार नाही, वर आलं तरी अडणार नाही. पण लांबी जमली म्हणून सगळं जमत नाही. "शाफ्टाक दोन मानी असतत, तेंका क्रॉस म्हणतत. गाडी उंच केलास, मान वाकली. वाकलेल्या मानेन भार फिरवलास तर ती थरथरता, आणि एक दिवस जाता. सरळ मान भार घेता."

माझा हात माझ्या मानेवर गेला. जे डॉक्टरने मला इंग्रजीत सांगितलं होतं ते हेच.

मागच्या पाट्याखाली लोखंडी पाचर ठोकून ती मान सरळ करता येते, मेस्त्री म्हणाला, पण एकाच उंचीला. रिकाम्या गाडीला सरळ केली तर भरलेल्या गाडीला वाकडी. भरलेलीला केली तर रिकामीला वाकडी. कुठली ठेवू?

जनू म्हणाला, "रिकामीला. रिकामी जाते तेव्हा सगळे बघतात."

"भरलेली येते तेव्हा मी आत असते," मी म्हटलं. "मासे रिकाम्या गाडीत येतात का रे? मेस्त्री, भरलेल्या गाडीला पाचर ठोक."

"रिकामी गाडी बोंबलतली हां, म्हातारे."

"बोंबलू दे. मीपण बोंबलते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शाफ्ट झाला. निघताना चंद्री मागे बसली आणि जीप घाटकोपर, साकीनाका, अंधेरी असं करत बिनआवाजाची वेसाव्याला आली. जनू गात होता. मी मुलुंडकडे एकदाही मागे वळून बघितलं नाही. तिथे परत जायचं काही कारण नाही.

अंधेरी बाजार

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या आणि भरून आल्या. जीप गाळात उतरली, खड्ड्यात गेली, बाहेर आली. शाफ्ट जागच्या जागी. पण त्या दिवशी तिच्यात बसायला एकही बाई आली नाही. मागच्या वेळी जीप गाळात रुतलेली सगळ्यांनी बघितली होती, आणि जागेच्या दिवशी कोण धोका पत्करतं? कुणी बैलगाडीने गेल्या, कुणी टांग्याने. जीपमध्ये मी, जनू आणि माझ्या दोन टोपल्या.

सात बंगल्याच्या पुढे जीप थरथरायला लागली. आधी काचा, मग पत्रा, मग माझे उरलेले दात. जनूने गाडी थांबवली.

"वैनी, क्रॉस जाईल. अंधेरी गाठणार नाय."

पुढे रस्त्याच्या कडेने, डोक्यावर भरलेली टोपली घेऊन, चंद्री चालली होती. ताठ मानेने, झपाझप. कुठे चालली होती ते विचारायची गरज नव्हती. जीप तिच्या शेजारी खडखडत नेली.

"चंद्रे, बस मागे."

ती थांबली. टोपली उतरवली नाही. "कशाला? तुला तुझ्या जागेवर पोचवायला?"

"पाय दुखतील तुझे."

"माझं पाय हायत धडधाकट. तुझी गाडी लुळी हाय." ती हसली. "मेस्त्री माझ्यासमोर बोलला गो. मी बसले नाय तर ही जात नाय. मना म्हाईत हाय आणि तुलाबी."

मासे उन्हात होते. पाठीमागून एक टांगा येत होता, त्यात बायका.

"काय पाहिजे तुला?" मी विचारलं.

"अर्धी जागा."

"पाव."

ती चालायला लागली.

"अर्धी," मी म्हटलं. "बस, मेली."

ती मागे चढली. जीप खाली बसली, थरथर थांबली. होडी पाण्यात सुटते तशी गाडी निघाली आणि टांग्याच्या पुढे निघून गेली. बाजारात आम्ही दोघी एकाच जागेवर बसलो. बायकांनी कुरकुर केली, पण रिवाजात स्वतः बसायचं एवढंच आहे. एकटीने बसायचं असं कुठे नाही. अर्धी म्हणून घेतली, तरी जागेच्या तीन हिश्शांतले दोन चंद्रीला लागतात, ते सगळ्यांना दिसतंच.

आता ती रोज मागे बसून येते आणि जाते. मधे तिने काढलं की वजन फार झालं, सोमवार धरते. मी तिला सांगितलं, देवाने तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. दुपारी माझ्या डब्यातली तळलेली तुकडी मी तिच्या पानात टाकते, भातही वाढते, नको म्हणाली तरी वाढते. बाजारात म्हणतात, हिरा म्हातारपणी मवाळ झाली, जावेवर जीव लावते.

काही मवाळ झालेले नाही. मेस्त्रीने ज्या वजनाला पाचर ठोकली, ते वजन राखते आहे.